पिग्मी ॲपमधील लपवलेला स्टेटस बार : एका पतसंस्थेचे प्रकरण

पार्श्वभूमी

दुकानोदुकानी फिरून रोजची छोटी ठेव गोळा करण्याची पिग्मीची पद्धत कर्नाटकातच जन्मली. पुढे सिंडिकेट बँक या नावाने ओळखल्या गेलेल्या उडुपीच्या बँकेने १९२८ मध्ये ती सुरू केली, तेव्हा दिवसाला दोन आणे एवढी रक्कमही चालत असे. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली. पिग्मी मात्र बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या पट्ट्यातील पतसंस्थांच्या अंगवळणी पडलेली आहे आणि इथल्या बाजारपेठेत ‘पिग्मीवाले आले का?’ हा प्रश्न मराठीत जितका सहज विचारला जातो तितकाच कन्नडमध्येही.

प्रस्तुत प्रकरण कर्नाटक सौहार्द सहकारी कायदा, १९९७ खाली नोंद झालेल्या बेळगाव परिसरातील एका पतसंस्थेचे आहे. तिचे एजंट खडेबाजार, गणपत गल्ली, रविवार पेठ येथील दुकाने, शहापूर-वडगावातील विणकरांची घरे आणि खानापूरपासून जांबोटीपर्यंतच्या वाटेवरील गावे अशा फेऱ्या करतात. पूर्वी प्रत्येकाच्या हाती पिग्मीचे मशीन असे : छोटा पडदा, बटणांचा कीपॅड, आतच बसवलेला प्रिंटर, आणि संध्याकाळी शाखेत येऊन ते संगणकाला जोडायचे. त्या मशीनच्या जागी ॲप आले. फोन एजंटाचा स्वतःचा, कमरेला ब्लूटूथवर चालणारा खिशातला प्रिंटर, आणि नोंद नेटवरून थेट शाखेत. ॲप एका बाहेरच्या विकसकाने जावा भाषेत अँड्रॉइडसाठी लिहिले होते. काही काळाने त्यात दुसऱ्याच हाताने भर घातली गेली.

३१ ऑगस्ट २०२५ पासून प्ले स्टोअरवर नवी आवृत्ती चढवायची तर ॲपने अँड्रॉइड १५ हे लक्ष्य धरलेले असावे, म्हणजे ते त्या आवृत्तीचे नियम मानून बांधलेले असावे, असा गुगलचा नियम लागू झाला. संस्थेने त्याप्रमाणे लक्ष्य बदलून आवृत्ती काढली आणि त्यानंतर काही एजंटांच्या फोनवर खाते क्रमांक अर्धवट दिसू लागला. ॲप तपासून देण्याचे काम माझ्याकडे आले ते या एका तक्रारीसाठी. एजंटांशी बोलल्यावर मात्र ध्यानात आले की तक्रारी जुन्या आहेत, अनेक आहेत आणि त्या सगळ्या पडद्याच्या वरच्या एका पट्टीपाशी येऊन मिळतात.

पट्टी का लपवली गेली

घड्याळ, रेंज, बॅटरी आणि आलेल्या नोटिफिकेशनची चिन्हे ज्या अरुंद पट्टीत असतात तो स्टेटस बार या ॲपमध्ये पहिल्या पडद्यापासून शेवटच्या पडद्यापर्यंत लपवलेला होता. त्याची कारणे विचारली असता तीन ठिकाणी तीन उत्तरे मिळाली.

चेअरमन साहेबांचे म्हणणे असे की जुन्या मशीनची सवय झालेल्या एजंटाला फोनही मशीनसारखाच वाटावा, पडदाभर एकच काम दिसावे. व्यवस्थापकांची अपेक्षा वेगळी होती : पट्टी नसेल तर फेरीच्या वेळेत एजंट इतर ॲपकडे वळणार नाही. तिसरे कारण एजंटांचेच होते आणि ते मला सर्वांत रास्त वाटले. रक्कम घेतल्यावर एजंट फोन फिरवून दुकानदारापुढे धरतो, म्हणजे दुकानदार आपले नाव, आजची रक्कम आणि एकूण शिल्लक डोळ्यांनी पाहून घेतो. त्या क्षणी वरच्या पट्टीत एजंटाच्या खाजगी ॲपची चिन्हे दिसू नयेत, अशी त्यांची इच्छा होती. बाजारात विश्वासावर चालणाऱ्या धंद्यात ही गोष्ट क्षुल्लक नाही. समोरच्या माणसाला दुसऱ्या एखाद्या संस्थेच्या ॲपचे चिन्ह दिसले तरी चर्चा सुरू होते.

‘जागा वाढते’ हे चौथे कारण कोणी बोलून दाखवले नाही, पण विकसकाच्या टिपणांत ते होते. त्याचा हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. अँड्रॉइडमध्ये या पट्टीची रूढ उंची २४ डीपी (पडद्यावरील मापाचे एकक) धरली जाते आणि १६० डीपी म्हणजे एक इंच, त्यामुळे मिळणारी जागा जेमतेम पावणेचार मिलिमीटर. ७२० बाय १६०० पिक्सेलच्या साध्या फोनवर ती ४८ पिक्सेल, म्हणजे उंचीच्या तीन टक्के होते. शिवाय पडद्यात कॅमेऱ्याची खाच किंवा छिद्र असलेल्या फोनवर तेवढाही लाभ होत नव्हता. अँड्रॉइड ९ पासून अशा फोनसाठी जो मूळ नियम आहे त्यानुसार उभ्या पडद्यावर ॲपने पट्टी लपवली की प्रणाली खाचेच्या उंचीएवढा भाग काळा ठेवते आणि ॲपचा मजकूर त्याच्या खालूनच सुरू होतो. एजंटांच्या हातातील निम्म्याहून अधिक फोन छिद्रवाले होते. त्यांच्यावर घड्याळ आणि रेंज गेली होती, त्यांच्या जागी काळी पट्टी आली होती, आणि मजकुराला एक ओळसुद्धा जास्त मिळाली नव्हती.

तक्रारी आणि त्यांचा उगम

सर्वांत गंभीर तक्रार एजंटांकडून आलेलीच नव्हती. ती पासबुक भरून घ्यायला शाखेत आलेल्या ठेवीदारांकडून आली होती. आपली एका दिवसाची रक्कम जमा दिसत नाही, असे एक दुकानदार सांगे, आणि शोध घेतल्यावर ती रक्कम त्याच गल्लीतील शेजारच्या दुकानदाराच्या नावावर सापडे. शाखेत हा एजंटाचा निष्काळजीपणा धरला गेला होता. संध्याकाळच्या ताळेबंदात अशी चूक सापडत नाही, कारण पिग्मीत पुष्कळ ठेवीदार रोज ठरलेली सारखीच रक्कम देतात. शंभर रुपये एका नावाऐवजी दुसऱ्या नावावर पडले तरी दिवसाची बेरीज आणि हातातील रोकड जुळते.

हे कसे घडते ते रविवार पेठेत एका एजंटाच्या मागे उभे राहून पाहिले. यादीतील नावापुढचे ‘जमा’ बटण दाबले की ‘१०० रुपये जमा करायचे?’ असा डायलॉग, म्हणजे खात्री विचारणारी छोटी चौकट, उघडतो. तो उघडताच वरची पट्टी अचानक प्रकट होते आणि मागची संपूर्ण यादी तेवढ्याच उंचीने खाली सरकते. एजंट ‘होय’ दाबतो, डायलॉग मिटतो, पट्टी पुन्हा नाहीशी होते आणि यादी वर उडी घेते. फेरीला सरावलेला माणूस तोवर पुढच्या नावावर बोट नेऊन टेकवत असतो. त्याच्या नजरेने हेरलेली जागा यादी खाली असतानाची असते आणि बोट टेकते तेव्हा तिथे त्याच्या खालचे नाव आलेले असते. ॲपमधील ओळी दाटीने मांडलेल्या होत्या, बोटाने दाबायच्या जागेसाठी अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात सांगितलेली ४८ डीपीची किमान उंची त्यांना नव्हती, त्यामुळे २४ डीपीची उडी एका ओळीवरून दुसरीवर जायला पुरेशी होती. पुढे येणाऱ्या डायलॉगमध्ये फक्त रक्कम विचारली जात होती, नाव नव्हतेच. रक्कम तीच असल्यामुळे एजंट पुन्हा ‘होय’ म्हणून मोकळा होई.

याचे तांत्रिक कारण समजून घ्यायचे तर पट्टी लपवण्याच्या दोन जुन्या पद्धती वेगळ्या कराव्या लागतात, कारण या ॲपमध्ये दोन्ही होत्या. पहिली पद्धत संपूर्ण विंडोला, म्हणजे ॲपच्या पडद्याच्या चौकटीला, फुलस्क्रीनचा फ्लॅग (चालू-बंदची खूण) लावण्याची; ती थीममध्येच, म्हणजे ॲपचे दिसणे ठरवणाऱ्या फायलीतच, लिहिता येते. दुसरी २०१२ च्या अँड्रॉइड ४.१ बरोबर आली आणि तीत ‘सिस्टीम यूआय व्हिजिबिलिटी’चे फ्लॅग पडद्यावरील घटकाला लावले जातात. मूळ विकसकाने नवीन खाते उघडण्याच्या अर्जाला आणि लॉगिनला पहिली पद्धत लावली होती. नंतर आलेल्याने यादीच्या पडद्यासाठी दुसरी वापरली. दुसऱ्या पद्धतीत पट्टी लपलेली राहणे हे पुढे असलेल्या विंडोवर अवलंबून असते. डायलॉग ही स्वतःची स्वतंत्र विंडो असते, तिला तो फ्लॅग लावलेला नसतो, म्हणून डायलॉग पुढे आला की पट्टी परतते. पट्टी येवो वा जावो, मांडणी जागची हलू नये यासाठी त्याच पद्धतीत ‘लेआउट स्टेबल’ नावाचा वेगळा फ्लॅग दिलेला आहे. तो लावायचा राहून गेला होता. मधेच फोन आला, एजंट दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन परत आला, किंवा त्याने वरून बोट ओढून पट्टी खाली आणली, तरी प्रणाली हे फ्लॅग काढून टाकते आणि ॲपला ते पुन्हा लावावे लागतात. ॲप ते पुन्हा लावत होते, म्हणजे प्रत्येक वेळी आणखी एक उडी.

आणि वरून बोट ओढण्याची एजंटांना रोज गरज पडत होती. यातूनच दुसरी तक्रार निघते. नेट नसेल तर नोंद फोनमध्येच साठवून ठेवायची आणि नेट आले की पाठवायची, अशी सोय ॲपमध्ये होती व ती चांगली लिहिलेली होती. मात्र नोंद गेली की राहिली, हे पडद्यावर ठळकपणे कुठेच दिसत नव्हते. जांबोटीच्या वाटेवर झाडी दाट होत जाते तशी रेंज ये-जा करते. खडेबाजारातल्या आतल्या बोळांतील गाळ्यांतही तीच अवस्था. खानापूरकडचे एक ज्येष्ठ एजंट म्हणाले, ‘ओ सर, रेंज हाय का न्हाई ते तरी दिसू दे की. चार्जिंग किती ऱ्हायलंय ते बी कळंना झालंय बघा.’ बॅटरी संपून फोन फेरीतच बंद पडला आणि त्या दिवशीच्या नोंदी दुसऱ्या दिवशी शाखेत पोहोचल्या, असे प्रकार झाले होते. ब्लूटूथचे चिन्हही त्याच पट्टीत असते, त्यामुळे प्रिंटर जोडलेला आहे की नाही हे पावती अडकल्यावरच समजे. थोडक्यात, एजंट दर चार-पाच दुकानांनंतर वरून बोट ओढून पट्टी पाहून घेत होते. पट्टी पाहिली की फ्लॅग जात होता, फ्लॅग गेला की यादी सरकत होती. पहिली तक्रार वाढवण्याचे काम ही दुसरी तक्रार गुपचूप करत होती.

तिसरी तक्रार नवीन खात्याच्या अर्जातील. अर्जाच्या तळाशी वारसाचे नाव आणि त्याचा मोबाइल क्रमांक या दोन चौकटी होत्या, आणि त्यांत लिहायला गेले की कीबोर्ड त्यांच्यावरच येऊन बसत असे. एजंट आंधळेपणाने टाइप करून कीबोर्ड मिटवून पाहत. वारसाच्या नावात झालेल्या चुका पुढे किती त्रासदायक ठरतात हे पतसंस्थेत काम केलेल्या कोणालाही सांगायला नको. येथे कारण अगदी सरळ आहे आणि अँड्रॉइडच्या दस्तऐवजात ते नोंदवलेले आहे : विंडोला फुलस्क्रीनचा फ्लॅग लावला की ‘ॲडजस्ट रिसाइज’ ही सूचना, म्हणजे कीबोर्ड आल्यावर पडद्याचा उरलेला भाग आखडून घेण्याची सूचना, दुर्लक्षित होते. विकसकाने ती सूचना मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपची माहिती नोंदवणाऱ्या फायलीत, लिहिलेली होती. तिचा परिणाम थीममधील एका ओळीने रद्द झाला होता आणि दोन्ही ओळी वेगवेगळ्या फायलींत असल्यामुळे त्यांचा संबंध कोणाच्या लक्षात आला नव्हता.

राहिला तो अर्धवट दिसणारा खाते क्रमांक, ज्याच्यासाठी तपासणी सुरू झाली. अँड्रॉइड १५ हे लक्ष्य धरणाऱ्या ॲपचा मजकूर अँड्रॉइड १५ असलेल्या फोनवर काठापासून काठापर्यंत पसरतो आणि मुद्दाम सूट मागितल्याशिवाय त्याला नाही म्हणता येत नाही, असा बदल त्या आवृत्तीने केला. खाचेपाशी काळी पट्टी सोडण्याचा जुना नियमही अशा ॲपपुरता संपला. मजकूर छिद्राच्या दोन्ही अंगांना आणि त्याच्या खालूनही जातो. ॲपने शीर्षकाच्या वर २४ डीपीची जागा आकडा लिहून पक्की केलेली होती, पण छिद्रवाल्या फोनवर पट्टी त्याहून उंच असते. परिणामी ज्या फोनमध्ये छिद्र मध्यभागी होते त्यांच्यावर खाते क्रमांकाचे मधले अंक कॅमेऱ्याखाली गेले, आणि ‘ठेवीदाराचा तपशील’ या शीर्षकाच्या वेलांट्यांचे माथे कापले गेले. इंग्रजी अक्षरांत हे शीर्षक असते तर कदाचित निभावलेही असते. देवनागरीची मात्रा, वेलांटी, रफार शिरोरेषेच्या वर चढतात आणि कन्नडची जोडाक्षरे खाली उतरतात, त्यामुळे दोन्ही लिप्यांत चालणाऱ्या ॲपला ओळीच्या वर-खाली थोडी मोकळीक ठेवणे भाग आहे.

संचालक मंडळापुढील निर्णय

तपासणीनंतर दोन सोपे पर्याय समोर होते : आहे तसेच लपवून फक्त चुका दुरुस्त करायच्या, किंवा पट्टी सगळीकडे परत आणायची. मी दोन्हींच्या विरोधात मत दिले. पट्टी लपवण्याचा प्रश्न संपूर्ण ॲपला विचारण्याऐवजी प्रत्येक पडद्याला स्वतंत्रपणे विचारावा, आणि विचारताना त्या वेळी फोन कोणाच्या डोळ्यांसमोर आहे हे पाहावे, अशी सूचना मांडली. यादीच्या पडद्यावर फोन एजंटासमोर असतो आणि त्याला रेंज, बॅटरी, ब्लूटूथ, वेळ या चारही गोष्टी कामासाठी लागतात. तिथे पट्टी हवी. अर्जाच्या पडद्यावरही हवी, शिवाय तिथे कीबोर्डचा प्रश्न आहे. पावती दाखवण्याचा पडदा मात्र काही क्षण ठेवीदारासमोर असतो, त्यावर एजंटाला काहीच करायचे नसते, आणि एजंटांनी मांडलेले खाजगीपणाचे कारण नेमके तिथेच लागू पडते. त्या एका पडद्यावर पट्टी लपवावी.

चेअरमन साहेबांना हे पटायला वेळ लागला नाही. व्यवस्थापकांचा आक्षेप राहिला : मग एजंटांना इतर ॲपपासून रोखायचे कसे? येथे स्पष्ट सांगावे लागले की पट्टी लपवल्याने ते कधीच रोखले गेले नव्हते. बोट ओढले की पट्टी येते, होमचे बटण चालू असते. फोनला एकाच ॲपमध्ये बांधून ठेवण्याची सोय अँड्रॉइड ५.० पासून आहे आणि अँड्रॉइड ६.० पासून पट्टी पूर्णपणे निष्क्रिय करण्याचा अधिकारही दिलेला आहे, पण तो ‘डिव्हाइस ओनर’ म्हणून बसवलेल्या व्यवस्थापक ॲपलाच मिळतो. असे ॲप साधारणपणे कोऱ्या किंवा संपूर्ण पुसलेल्या फोनवर बसवावे लागते. एजंटाच्या स्वतःच्या फोनवर, ज्यात त्याच्या घरच्यांचे फोटो आणि मुलांच्या शाळेचे संदेश आहेत, संस्थेने हे करायला सांगणे योग्य ठरणार नाही.

काय बदलले

थीममधील फुलस्क्रीनची ओळ काढली आणि सर्व पडद्यांच्या पायाशी असलेल्या सामाईक कोडमधील जुने फ्लॅगही काढले. अँड्रॉइड ११ ने २०२० मध्ये ते फ्लॅग कालबाह्य ठरवून त्यांच्या जागी ‘विंडो इन्सेट्स कंट्रोलर’ हा पट्ट्या दाखवणारा-लपवणारा घटक आणला आहे. अँड्रॉइडएक्स या गुगलच्या तयार कोडच्या ग्रंथालयातील त्याचा सुसंगत अवतार वापरल्यास जुन्या फोनवरही एकच लिखाण चालते. पावतीच्या पडद्यावर तो कंट्रोलर फक्त स्टेटस बार लपवतो. खालची नेव्हिगेशनची पट्टी तशीच ठेवली, कारण दुकानदाराने पावती पाहिली की एजंटाला लगेच मागे जायचे असते. बोट ओढल्यास पट्टी थोडा वेळ पारदर्शक दिसून आपोआप जाईल, असे वर्तन निवडले. फोन येऊन गेल्यावर किंवा विंडो पुन्हा पुढे आल्यावर लपवण्याची सूचना पुन्हा दिली जाते, तीही या एकाच पडद्यावर.

मांडणीची उडी थांबवण्यासाठी वरच्या मोकळ्या जागेचा पक्का आकडा काढून टाकला. पट्टीची उंची आणि छिद्राची उंची प्रणालीलाच विचारायची, त्यांतील जी मोठी ती वर सोडायची. पावतीच्या पडद्यावर ही उंची पट्टी दिसत असो वा नसो, ती असल्यासारखीच मोजून घेणारी विचारणा वापरली. तशी वेगळी विचारणा उपलब्ध आहे आणि तिच्यामुळे पट्टी आली-गेली तरी रक्कम जागची हलत नाही. ती पावणेचार मिलिमीटर जागा आपण अशा रीतीने परत करून टाकतो हे खरे, पण या पडद्यावर नाव, आजची रक्कम आणि शिल्लक एवढ्या तीनच ओळी असल्यामुळे तिची उणीव भासत नाही. अर्जाच्या पडद्यावर खालच्या बाजूला कीबोर्डची उंची त्याच मार्गाने विचारून तेवढी जागा सोडली.

यादीतील खात्रीचा डायलॉग काढण्याचा आग्रह मी धरला, आणि त्यावर शाखेत थोडी कुरकुर झाली. पैशांच्या नोंदीला खात्री विचारलीच पाहिजे, असे लेखापालांचे म्हणणे होते. परंतु दिवसातून शेकडो वेळा येणारा, नाव न सांगणारा डायलॉग कोणी वाचत नाही हे रविवार पेठेत उघड दिसले होते. त्याऐवजी ‘जमा’ दाबले की ओळीचा रंग बदलतो आणि पडद्याच्या तळाशी ठेवीदाराचे पूर्ण नाव व रक्कम मोठ्या अक्षरांत येऊन त्याशेजारी ‘रद्द करा’ हे बटण काही सेकंद थांबते. नोंद त्यानंतरच पुढे जाते. ओळींची उंची ४८ डीपीच्या वर नेली. यादीत एका वेळी थोडी कमी नावे दिसतात, त्याबद्दल कोणाची तक्रार आलेली नाही.

पट्टी परत आल्यावर रेंज दिसू लागली, तरी तेवढ्यावर थांबणे मला बरोबर वाटले नाही. रेंजच्या चार काड्या सिग्नल दाखवतात; नोंद शाखेत पोहोचली का, हे दाखवत नाहीत. म्हणून यादीच्या माथ्यावर ‘पाठवायच्या नोंदी’ आणि त्यांचा आकडा अशी एक कायमची ओळ घातली. आकडा शून्य असेल तर ती शांत राखाडी राहते, नसेल तर केशरी होते. जांबोटीच्या फेरीवरून परतताना खानापूर जवळ आले की तो आकडा भराभर उतरतो, आणि एजंट तो उतरून संपल्याशिवाय चहाला थांबत नाहीत असे शाखेतून कळले. या ओळीचे महत्त्व स्टेटस बारहून जास्त आहे असे माझे मत आहे, आणि मूळ ॲपमध्ये ती असती तर पट्टी लपवण्याचा त्रास निम्माच झाला असता.

रंगाबाबत एक छोटी अडचण आली. संस्थेचा गडद निळा रंग पट्टीलाही हवा होता. अँड्रॉइड १५ लक्ष्य धरलेल्या ॲपसाठी त्या आवृत्तीच्या फोनवर पट्टीला थेट रंग देणारी जुनी आज्ञा निष्प्रभ झाली आहे. पट्टी पारदर्शक असते आणि तिच्या मागे रंग ॲपने स्वतः भरायचा असतो. तसा निळा पट्टा भरला आणि वरची चिन्हे पांढरी राहतील अशी सूचना दिली. ही सूचना नसताना काही फोनवर काळी चिन्हे निळ्यावर दिसेनाशी झाली होती, म्हणजे पट्टी असूनही लपल्यासारखीच.

संस्थेचे ठेवीदारांसाठी वेगळे ॲप आहे आणि ते आयफोनवरही आहे. त्यातही पट्टी लपवावी का, असा प्रश्न याच बैठकीत निघाला होता. आयफोनवर हा निर्णय मुळातच पडद्यागणिक घेतला जातो : प्रत्येक व्ह्यू कंट्रोलर (एकेक पडदा सांभाळणारा घटक) आपल्याला पट्टी लपवायची आहे की नाही हे स्वतः सांगतो, आणि संपूर्ण ॲपसाठी एकदाच लपवण्याची जुनी आज्ञा आयओएस ९ पासून कालबाह्य आहे. २०१७ च्या आयफोन टेनवर पट्टी २० पॉइंटवरून (आयफोनवरील मापाचे एकक) ४४ पॉइंटची झाली, परंतु खाचेचा भाग सुरक्षित क्षेत्राबाहेर असल्यामुळे ती लपवली तरी तिथे वाचण्याजोगा मजकूर ठेवता येत नाही. ठेवीदार आपली शिल्लक आपल्याच फोनवर पाहतो, तिथे लपवण्यासारखे कोणापासून काही नाही. पट्टी तशीच ठेवली.

बदललेली आवृत्ती आधी खडेबाजार आणि जांबोटी अशा दोन फेऱ्यांवर वापरून पाहिली व मग सर्वांना दिली. शेजारच्या नावावर रक्कम पडल्याची तक्रार त्यानंतरच्या पासबुक भरण्याच्या वेळी आली नाही. अर्जातील वारसाची चौकट कीबोर्डच्या वर दिसते. खाते क्रमांक पूर्ण दिसतो.

एजंटांची मूळ मागणी मात्र अर्धीच पुरी झाली आहे. पावतीच्या पडद्यावर चिन्हे दिसत नाहीत, पण नवा संदेश आला की वरून तरंगत उतरणारी नोटिफिकेशन पट्टी लपवल्याने थांबत नाही; ती पूर्ण पडद्याच्या ॲपवरही येते. शहापुरात एका साडीच्या दुकानात पावती दाखवत असतानाच लग्नाच्या बोलणीचा संदेश मालकांसमोर उतरल्याचे एजंटांनी हसत सांगितले. फेरीच्या वेळेत फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर ठेवावा, अशी सूचना संस्थेने काढली आहे. काही एजंट ती पाळत नाहीत, कारण ‘अण्णा, आज लवकर या, दुकान बंद करायचंय’ असे सांगणारे दुकानदारांचे फोन त्यांना चुकवायचे नसतात. ठरावीक संपर्कांचे फोन त्या स्थितीतही वाजू देता येतात, ते प्रत्येकाच्या फोनवर शाखेत बसवून देण्याचे काम चालू आहे. व्यवस्थापकांनी सुचवलेला, संस्थेनेच फोन विकत घेऊन ते ॲपला बांधून देण्याचा प्रस्ताव खर्चाच्या अंदाजासह संचालक मंडळापुढे प्रलंबित आहे.